कैराना ते मिरज : एका बिऱ्हाडाची गोष्ट

गेल्या महिन्यात आमच्या घरी बदलीची बातमी आली. धाकट्या चिरंजिवांना कंपनीनं नोएडाला पाठवायचं ठरवलं. किमान तीन वर्षं तरी मुक्काम तिकडेच. आमच्या सौ.नी लगेच कपाटातून लोकरीचे कपडे काढून उन्हात टाकले. तिकडची थंडी, तिकडचं पाणी, कामाला बाई मिळेल की नाही, नातीची शाळा कशी असेल, याची चर्चा घरात सकाळ-संध्याकाळ सुरू झाली. मला मात्र एकच काळजी होती, शेजार कसा मिळेल याची.

घर आपण भिंती पाहून घेतो आणि राहतो मात्र माणसांत, हे मी बँकेतल्या नोकरीत सात बदल्यांनंतर शिकलो. मुलगा घरं पाहायला दिल्लीकडे गेला आणि रोज रात्री त्याचे फोन येऊ लागले. पहिलं घर आवडलं, भाडंही परवडण्यासारखं होतं. मालकांनी दोघांची नावं विचारली, आणि दुसऱ्या दिवशी घर भाड्यानं द्यायचंच नाही असा निरोप आला. दुसऱ्या ठिकाणीही तेच झालं. माझी सून वेगळ्या धर्माची आहे, एवढंच इथं सांगतो. तिसऱ्या दिवशी मुलानं फोनवर विचारलं, की बाबा, चांगली वस्ती ओळखायची तरी कशी?

मला चटकन उत्तर देता आलं नाही. फोन ठेवल्यावर मी नकाशा काढून बसलो. नोएडापासून बोट वर सरकवत नेलं, तर यमुनेच्या काठाकाठानं शंभरेक किलोमीटरवर एक नाव दिसलं आणि मी थबकलो. कैराना! मी मूळचा मिरजेचा. मिरजेच्या माणसाला हे नाव ठाऊक नसेल असं होणार नाही. नदीच्या पलीकडे पानिपत, अलीकडे कैराना. मराठी माणसाला त्या मुलखातलं पानिपत तेवढं आठवतं, पण आमच्या मिरजेचं कैरान्याशी नातं निराळं आहे. त्या गावचा एक तरुण सव्वाशे वर्षांपूर्वी नेमका उलटा प्रवास करून आमच्या गावी आला आणि आमचाच झाला. त्याचं नाव अब्दुल करीम खाँ.

खाँसाहेबांचा जन्म १८७२ सालचा. घराणं गाण्याबजावण्याचं. वडील काले खाँ आणि चुलते यांच्याकडून त्यांना तालीम मिळाली. कैराना म्हणजेच किराना, आणि आज जगभर ज्याला किराना घराणं म्हणतात त्याचं मूळ हेच गाव. पण लहान गावात गाण्यावर पोट भरणं कठीण. त्या काळी कलावंतांना आश्रय असे तो संस्थानिकांचा. बदलीचा हुकूम नसला तरी पोटाचा हुकूम होताच. खाँसाहेब आणि त्यांचे धाकटे बंधू अब्दुल हक फिरत फिरत १८९४ च्या सुमारास बडोद्याला पोचले. गादीवर सयाजीराव महाराज होते. दरबारी गवय्याची नोकरी मिळाली. मानाची जागा, नियमित पगार आणि गुणांची कदर करणारा राजा, असं सगळं जुळून आलं. आजच्या भाषेत बोलायचं, तर उत्तम कंपनी आणि उत्तम वसाहत!

पण त्या वसाहतीला एक उंबरठा होता, आणि तो खाँसाहेबांच्या लवकरच लक्षात आला. राजघराण्याशी नातं असलेले सरदार मारुतीराव माने यांची मुलगी ताराबाई त्यांच्याकडे गाणं शिकत होती. गुरू आणि शिष्येचं मन जुळलं. धर्म वेगळा, दर्जा वेगळा, एक सरदारकन्या आणि दुसरा पगारी गवई. गाण्याला वाहवा देणारं गाव हे लग्न मान्य करणार नाही, हे दोघांनाही कळत होतं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या वर्षांत दोघांनी बडोदं सोडलं. नोकरी गेली, मान गेला, आश्रय गेला. मुंबईला काही काळ काढून हे बिऱ्हाड मिरजेला आलं.

मिरजच का? खाँसाहेबांच्या मनात काय होतं ते मी सांगू शकणार नाही. पण त्या काळचं मिरज डोळ्यांसमोर आणलं, की काही गोष्टी आपोआप उलगडतात.

मिरज हे पटवर्धनांचं संस्थान. बडोद्याच्या तुलनेत अगदी छोटं. पण गाव गाण्याचं होतं. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आणणारे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर मिरजेत राहिले होते. त्यांच्याकडेच विष्णु दिगंबर पलुसकर शिकले. १८९६ साली त्यांनी मिरज सोडलं, आणि १९०१ साली लाहोरला जाऊन गांधर्व महाविद्यालय काढलं. एक गवई इकडून पंजाबात गेला आणि त्याच सुमारास दुसरा तिकडून इकडे आला, असा हा योग. गावात गाणं ऐकणारे कान आधीपासून तयार होते. नवख्या माणसाला आपण कोण हे पहिल्यापासून समजावून सांगावं लागत नव्हतं.

दुसरी गोष्ट वाद्यांची. मिरजेत शिकलगारांची वस्ती होती. तलवारी-भाल्यांना धार लावणं हा त्यांचा धंदा. लढाया संपल्या तसा धंदाही बसला. तेव्हा त्यांच्यातल्या फरीदसाहेबांनी तंतुवाद्यांच्या दुरुस्तीत हात घातला, आणि पुढे तंबोरे, सतारी घडवायला सुरुवात केली. भोपळे यायचे पंढरपूर-मंगळवेढ्याकडून आणि सुतारकाम, रंगकाम, जवारी काढणं हे सगळं एका गल्लीत चालायचं. ही सतारमेकर मंडळी आजही तेच काम करतात. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा आमच्या गावातल्या लोकांना आपल्याच घरी बक्षीस आल्यासारखं वाटलं. खाँसाहेब स्वतः सारंगी आणि बीन वाजवत, आणि वाद्यं दुरुस्त करण्यातही त्यांचा हात बसलेला होता. स्वराच्या बारीक फरकासाठी जीव टाकणाऱ्या माणसाला तंबोऱ्याची जवारी जमवणारा कारागीर हाकेच्या अंतरावर असणं, याहून मोठी सोय कोणती?

तिसरी गोष्ट रेल्वेची. मिरज हे जंक्शन. एक फाटा पुण्याला, एक बेळगाव-धारवाडकडे, एक कोल्हापूरला. दरबारची नोकरी सुटल्यावर खाँसाहेबांची कमाई मैफलींवर होती. मुंबईपासून म्हैसूरपर्यंत त्यांना बोलावणी येत. म्हैसूरच्या दरबारात तर ते वारंवार जात. त्या वाटेवरच धारवाड-हुबळीचा मुलूख त्यांच्या गाण्यानं भारला गेला. कानडी मुलखातली कर्नाटक संगीताची सरगम त्यांच्या गळ्यात आली, आणि त्यागराजांची कृतीसुद्धा त्यांनी ध्वनिमुद्रित केली. मराठी नाट्यपदंही गायली. उत्तरेच्या माणसानं दक्षिणेकडून काय घ्यायचं आणि मराठी मुलखाला काय द्यायचं, हे मिरजेच्या स्टेशनवर गाडी बदलता बदलता ठरत गेलं असं मला नेहमी वाटतं.

चौथी गोष्ट दवाखान्याची. डॉक्टर वॉनलेस यांनी १८९४ साली मिरजेत मिशनचं रुग्णालय सुरू केलं आणि लांबलांबचे रोगी या गावात येऊ लागले. परक्या माणसाची, परक्या भाषेची गावाला सवय होती.

आणि शेवटची, पण सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे ख्वाजा मीरासाहेबांचा दर्गा. या दर्ग्याच्या उरुसात पहिल्या गलेफाचा मान चर्मकार समाजाचा. ज्यांना इतरत्र दाराबाहेर उभं केलं जाई, त्यांना या दारात पहिला मान, ही रीत मी लहानपणापासून पाहत आलो. आमच्या घरी गणपती बसे आणि उरुसाला आजी न चुकता पेढे घेऊन दर्ग्यात जात असे. मिरजेत सांगतात, की प्लेगच्या साथीत खाँसाहेब आजारी पडले, जगण्याची आशा राहिली नाही, तेव्हा त्यांनी मीरासाहेबांच्या दर्ग्यात जाऊन स्वरांची सेवा केली आणि ते बरे झाले. आख्यायिकेतलं खरं किती ते ज्याचं त्यानं ठरवावं. पण एवढं खरं, की त्यानंतर या दर्ग्याशी त्यांची गाठ कायमची बांधली गेली. कुठेही मैफल असो, त्यांची पावलं वळायची ती मिरजेकडे. माझ्या आजोबांनी त्यांना दर्ग्यात गाताना ऐकलं होतं. आजोबांना रागदारीतलं फारसं कळत नव्हतं. पण त्या स्वराबद्दल बोलताना ते डोळे मिटून घेत, हे मला आठवतं.

आता असं वाटेल, की मिरजेत सारं गोडच होतं. तसं नव्हतं. चांगली वस्ती म्हणजे दुःख न येणारी वस्ती नव्हे. मिरजेत खाँसाहेब आणि ताराबाईंचा संसार वाढला. मुलं झाली. त्यांतल्या चंपाकलीचा जन्म १९०५ सालचा. १९१३ मध्ये खाँसाहेबांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढलं. मुलांना ठेवून घेऊन, खाऊपिऊ घालून गाणं शिकवायचं, अशी ती शाळा. पैशाची ओढाताण कायमची. हौसही दांडगी. आपल्या कुत्र्याला स्वर लावायला शिकवून त्यांनी त्याचा जलसा केला होता, ही गोष्ट जुन्या लोकांच्या तोंडी असे. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांच्या श्रुतींच्या अभ्यासाला त्यांनी आपल्या गळ्याची साथ दिली. माणूस आपल्या नादात होता.

पण घरात बिनसत गेलं. १९२० नंतर लवकरच ताराबाई मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या. त्यांनी मुलांची नावं बदलली. अब्दुल रहमान सुरेशबाबू माने झाले, चंपाकली हिराबाई बडोदेकर झाल्या, सकीना पुढे सरस्वतीबाई राणे म्हणून गाजल्या. ज्या संसारासाठी बडोदं सोडलं, तो मोडला. खाँसाहेबांनी पुण्यातल्या शाळेचा पसारा आवरला आणि ते मिरजेला येऊन राहिले, ते अखेरपर्यंत.

इथं मला त्यांच्या आयुष्याचं मर्म दिसतं. कैराना हे जन्माचं गाव होतं, बडोदं हे मानाचं, पुणं हे कर्तृत्वाचं. पण घर मोडल्यावर माणूस ज्या गावी परततो, ते त्याचं खरं गाव. १९२२ च्या आसपासचे खाँसाहेब पन्नाशीतले. पोरंबाळं दुरावलेली. त्यांना उत्तरेत परत जाता आलं असतं. तिथं भाऊबंद होते, भाषा होती, जातभाई होते. ते गेले नाहीत. ते सतारमेकरांच्या गल्लीजवळ आले, दर्ग्याच्या सावलीत आले. आणि विशेष म्हणजे त्यांच्या गाण्यातली सगळ्यांत आर्त, सगळ्यांत लोकप्रिय ध्वनिमुद्रणं त्यानंतरची, १९३० नंतरच्या वर्षांतली आहेत. त्यातली भैरवीतली आणि झिंझोटीतली ठुमरी आजही पहाटे रेडिओवर लागली, तर हातातला चहा निवतो.

शेवटही प्रवासातच झाला. १९३७ च्या ऑक्टोबरमध्ये ते मद्रासकडे गेले होते. तिथून पाँडेचेरीला निघाले असताना गाडीत छातीत दुखू लागलं. सिंगपेरुमाळ कोईल नावाच्या लहानशा स्टेशनावर ते उतरले. फलाटावर बिछाना घातला गेला. त्यांनी नमाज पढला, तंबोरा जुळवला, दरबारीचे स्वर लावले आणि त्या स्वरांतच २७ ऑक्टोबरला त्यांनी देह ठेवला. कैरान्यात जन्मलेल्या माणसाचा मृत्यू तामिळ मुलखात झाला आणि त्यांना आणलं गेलं ते मिरजेला. मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे. दर वर्षी उरुसात तिथं त्यांच्या स्मरणार्थ गाणं होतं. मोठमोठे गवई हजेरी लावून जातात. ऐकायला तिकीट नाही आणि नाव-गाव विचारायला दारात माणूस नाही.

त्यांनी मागे ठेवलेला गोतावळाही पाहा. कुंदगोळचे रामभाऊ, म्हणजे सवाई गंधर्व, त्यांचे शिष्य. मातृभाषा कानडी. सवाई गंधर्वांचे शिष्य गदगचे भीमसेन जोशी, हुबळीच्या गंगूबाई हनगल आणि मुंबईचे पारशी फिरोझ दस्तूर. २००८ साली भीमसेनजींना भारतरत्न जाहीर झालं, तेव्हा मूळ कैरान्याचं, पण कीर्ती मिरज, धारवाड, पुण्याची, असं एक मोठं कुटुंब त्या मानाचं धनी झालं. माणूस एका गावातून उठून दुसऱ्या गावी रुजतो, तेव्हा फायदा त्याचा एकट्याचा होत नाही.

हे सगळं मी मुलाला फोनवर सांगितलं. पण सांगता सांगता माझा आवाज अडखळला. कारण एक गोष्ट मी घरात कधी कुणाला सांगितली नव्हती. ती आज इथं लिहितो.

पंधरा वर्षांपूर्वी मी आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी होतो. दुसऱ्या मजल्यावरचा ब्लॉक भाड्यानं द्यायचा होता. एक तरुण जोडपं आलं. नवरा डॉक्टर, बायको शाळेत शिक्षिका, बरोबर तीन वर्षांची मुलगी. मालकांची हरकत नव्हती, पण कमिटीची होती. नावं ऐकून सगळे गप्प झाले, आणि मग कुणीतरी पार्किंगचा विषय काढला. गाडी लावायला जागा नाही, म्हणून परवानगी देता येत नाही, असं पत्र मी माझ्या हातानं लिहिलं. त्यांच्याकडे गाडी नव्हती. पत्र वाचून त्या गृहस्थांनी मला नमस्कार केला आणि ते मुलीचा हात धरून जिना उतरले. मी मिरजेचा, दर्ग्याच्या उरुसात वाढलेला, खाँसाहेबांच्या तबकड्या जपून ठेवणारा. तरीही माझा हात थरथरला नाही. आज माझ्या मुलाला कुणीतरी तसाच निरोप धाडला, तेव्हा त्या जिन्यावरची तीन जोडी पावलं मला पंधरा वर्षांनी ऐकू आली.

चांगली वस्ती कशी ओळखायची, हा मुलाचा प्रश्न. खाँसाहेबांच्या आयुष्याकडे पाहून मी त्याला चार गोष्टी कळवल्या. एक, तुमच्या कामाची कदर असणारी आणि तुमचं हत्यार दुरुस्त करणारी माणसं जवळपास आहेत का, ते पाहा. दोन, बाहेरून आलेल्या माणसाची त्या गल्लीला सवय आहे का, ते पाहा. जिथं दवाखाना, शाळा, स्टेशन असतं, तिथं ती बहुधा असते. तीन, सगळ्यांना बसता येईल अशी एखादी जागा तिथं आहे का? मंदिर असो, दर्गा असो, बाग असो किंवा नुसता पार असो, पण तिथं पहिला मान कुणाला मिळतो हे जरूर बघा. आणि चार, घरावर वाईट दिवस आले तर ही माणसं दार लावून घेतील की उघडतील, याचा अंदाज घ्या. फरशी, लिफ्ट आणि पाण्याचा दाब नंतर पाहा. मराठी माणसं किती आहेत, हे त्याहूनही नंतर. आपली भाषा बोलणारा शेजारी मिळाला तर आनंदच आहे, पण सहकुटुंब आलेल्या डॉक्टरांना मी नाकारलं ते शुद्ध मराठीतच!

मुलाला घर मिळालं आहे. फार मोठं नाही, जुन्या बांधणीचं, तिसरा मजला, लिफ्ट नाही. खालच्या मजल्यावर निवृत्त शिक्षिका राहतात. पहिल्याच भेटीत त्यांनी नावं विचारायच्या आधी नातीला दूध चालतं का, ते विचारलं. सूनबाईनं तिथंच होकार दिला.

आणि मी? आमच्या सोसायटीची वार्षिक सभा पुढच्या रविवारी आहे. भाडेकरू ठेवताना कमिटीची आगाऊ परवानगी घेण्याचा जो अलिखित रिवाज आहे, तो मोडीत काढावा, असा अर्ज मी दिला आहे. दोघांनी तो वाचून माझ्याशी बोलणं कमी केलं आहे. सौ. म्हणाल्या, या वयात कशाला वैर घेता. मी काही बोललो नाही. खाँसाहेबांची झिंझोटी लावली आणि अर्जाच्या आणखी दहा प्रती काढायला खाली उतरलो.